कात्रीच्या हातांचा एडवर्ड आणि नगरची अ‍ॅना

चिकलठाण्याहून वाळूज, नेवासा फाटा असं करत निघालं की अडीच-तीन तासांत अहमदनगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर येतं. याच गावात १८३१ साली अ‍ॅना एडवर्ड्स नावाची मुलगी जन्मली. वडील कंपनी सरकारच्या फौजेत सार्जंट होते, पण तिच्या जन्माआधीच ते वारले. तिची आजी बहुधा हिंदुस्थानी होती. पुढे ही अ‍ॅना लिओनोवेन्स या नावाने सयामच्या राजाच्या मुलांना शिकवायला गेली. १९५६ चा ‘द किंग अँड आय’ हा सिनेमा तिच्यावरच आहे. मात्र आपला जन्म वेल्समध्ये झाला, असंच ती लोकांना सांगत आली. रक्तात हिंदुस्थान आहे हे कळलं असतं, तर गोऱ्या समाजात तिला उभं कोण करणार होतं?

अ‍ॅनाच्या थोरल्या बहिणीचा, इलायझाचा नातू विल्यम प्रॅट १८८७ साली लंडनमध्ये जन्मला. रंग सावळा. नट व्हायचं ठरवल्यावर त्याने नाव बदललं आणि बोरिस कार्लोफ झाला. मूकपटांत त्याच्या वाट्याला अरब, हिंदुस्थानी अशाच परक्यांच्या भूमिका येत. १९३१ मध्ये ‘फ्रँकेन्स्टाइन’ आला आणि त्यातला राक्षस कार्लोफने केला. सुरुवातीच्या श्रेयनामावलीत राक्षसाच्या पुढे नटाचं नाव नव्हतं, फक्त प्रश्नचिन्ह होतं!

त्या राक्षसाकडे नीट पाहा. प्रकाश दिसला की तो हात पुढे करतो. १९३५ च्या दुसऱ्या भागात त्याला जवळ करतो तो एक आंधळा म्हातारा, कारण त्याला चेहरा दिसतच नाही. डोळस लोक मात्र मशाली घेऊन येतात.

याच परंपरेतला, मला फार आवडणारा सिनेमा म्हणजे टिम बर्टनचा ‘एडवर्ड सिझरहँड्स’ (१९९०). एक म्हातारा संशोधक हवेलीत एक मुलगा घडवतो, पण हात बसवण्याआधीच मरतो. मुलाच्या मनगटांना कात्र्याच राहतात. संशोधकाचं काम केलंय व्हिन्सेंट प्राइसने. त्याने १९६३ मध्ये ‘द रेव्हन’मध्ये कार्लोफसोबत काम केलं होतं. एडवर्ड झालाय जॉनी डेप. तो बोलतो फार कमी. सगळा अभिनय डोळ्यांत.

एक बाई सौंदर्यप्रसाधनं विकत विकत हवेलीत पोहोचते आणि एडवर्डला घरी घेऊन येते. वस्ती फिक्या रंगांची, सगळी घरं सारखी. एडवर्ड झाडं कापून त्यांचे प्राणी बनवतो, कुत्र्यांचे आणि बायकांचे केस कापतो. सगळी गल्ली त्याच्यावर फिदा! मग कुणाच्या तरी सांगण्यावरून तो एक कुलूप उघडतो, पकडला जातो, आणि एका दिवसात कालचा कलावंत आजचा धोका ठरतो. त्याचा हुनर सगळ्यांना हवा होता, तो स्वतः फारच थोड्यांना. पुढे जमाव हवेलीकडे निघतो. त्याआधी पोलीस अधिकारी एडवर्डला पळून जायला सांगतो, हवेत गोळ्या झाडतो आणि लोकांना सांगतो, संपलं, घरी जा. हा अधिकारी काळा अमेरिकन आहे. परकेपण म्हणजे काय, हे त्याला शिकवावं लागत नसेल.

अ‍ॅनाने जन्मगाव लपवलं, कार्लोफने नाव बदललं. एडवर्डला मात्र काहीच लपवता येत नाही. त्याचे हात त्याच्याआधी दारात पोहोचतात. आपल्या मुलांचं नावही असंच त्यांच्याआधी पोहोचतं. भाड्याची खोली बघायला गेलेल्या किती मुलांनी नाव सांगितलं आणि खोली ‘आत्ताच गेली’ असं ऐकलंय! मग कुणी सल्ला देतो, टोपणनाव सांग. त्या सल्ल्यात काळजी असते, मान्य. पण अ‍ॅनाकडे बघा. सयामच्या दरबारापर्यंत पोहोचलेली बाई, आणि तिला आपलं गाव मोठ्याने सांगता आलं नाही. यात नुकसान तिचं झालं तसं नगरचंही झालं. एवढी मोठी लेक असून गावाला ती आपली म्हणता आली नाही.

एडवर्ड शेवटी हवेलीत एकटाच राहतो, बर्फ कोरत. त्या कोरण्यातून उडणारा भुगा खालच्या वस्तीवर हिमासारखा पडतो. ज्यांनी हाकललं, त्यांच्याच अंगणात. ही शराफत सुंदर आहे, पण ती पाहून नुसते डोळे पुसू नयेत. बदलायचं होतं ते वस्तीने, एडवर्डने नव्हे.

मुलांना हा सिनेमा जरूर दाखवा. आणि दाखवून झाल्यावर एकच प्रश्न विचारा: तुम्ही त्या गल्लीत राहत असता, तर मशाल घेतली असती की दार उघडलं असतं?