नगरच्या कोरड्या हवेतले पोलाद

कोकणच्या खाऱ्या वाऱ्यात चार पावसाळे काढलेली सायकल आणि सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, अहमदनगर म्हणजे आताच्या अहिल्यानगर शहरातल्या एखाद्या वाड्याच्या माळ्यावर चाळीस वर्षे निपचित पडून राहिलेली सायकल, या दोहोंच्या नळ्यांवर टिचकी मारून पाहिली, तर पहिलीचा आवाज बद्द आणि दुसरीचा खणखणीत यावा, यात नवल नाही. अकोले तालुक्याचा डोंगराळ पट्टा वगळला, तर या जिल्ह्यात वर्षाकाठी सहाशे मिलिमीटर पाऊस झाला तरी शेतकरी समाधान मानतो. ज्या अवर्षणाने येथील पिढ्यांना खडी फोडण्याच्या कामावर धाडले, त्याच अवर्षणाने पोलादाला मात्र अभय दिले.

शर्यतीची सायकल ही या मुलखात पाहुणीच. कॉव्हेन्ट्रीच्या स्टार्लीने 1885 मध्ये दोन सारख्या चाकांची सायकल बाजारात आणली, 1888 मध्ये डनलॉपने तिला हवेची धाव दिली, आणि पुढे मास्तर, कारकून व टपालवाले यांच्या बुडाखाली जी आली ती काळी, दांडीच्या ब्रेकची, वीस किलोंच्या आसपास भरणारी भारवाहू सायकल. दहा-अकरा किलोंची, वाकड्या हँडलची शर्यतीची जात मुख्यतः मुंबईची, आणि तेथेही विशेषेकरून पारशी तरुणांची. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे 1923 साली त्याच शहरातून निघून सायकलीवर पृथ्वीप्रदक्षिणा करून 1928 मध्ये परतले, आणि 1948 च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये हिंदी सायकलपटू उतरले, तेव्हा त्यांतही पारशी नावे ठळक होती.

या जातीचे कुलशील तिच्या नळ्यांत असते. बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स घराण्याने 1897 मध्येच अशा नळीचे पेटंट घेतले होते, जिची भिंत दोन्ही टोकांस, जेथे सांध्याचा ताण येतो तेथे, जाड आणि मध्ये पातळ असे. 1935 मध्ये मँगनीज व मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाची ‘531’ नळी निघाली आणि वजन व बळ यांचा जुना तंटा बराचसा मिटला. अशा नळ्या लगमध्ये, म्हणजे सांध्यावरच्या पोकळ खोबणीत, बसवून पितळेने झाळतात. तेथे वेल्डिंगची प्रखर ज्वाळा लावणाऱ्याने नळीचे सत्त्वच जाळले म्हणून समजावे.

स्वातंत्र्यानंतर परदेशी मालाच्या आयातीवर निर्बंध आले. मद्रास, आसनसोल, सोनीपत, लुधियाना येथील कारखान्यांनी देशाला सायकली पुरविल्या, परंतु त्या बहुतांशी भारवाहू, आणि म्हणून बाजारात सुटे भागही त्याच मापाचे. येथे पाच मिलिमीटरांचा प्रश्न उपस्थित होतो. भारवाहू सायकलीच्या अठ्ठावीस इंची टायरचा, रिमवर बसण्याच्या जागेचा व्यास 635 मिलिमीटर, तर शर्यतीच्या सत्तावीस इंचीचा 630. एकाचा टायर दुसऱ्याच्या रिमवर नीट बसत नाही. परंतु इंग्रजी वहिवाटीप्रमाणे दोन्ही जातींच्या पुढच्या चाकाला 32 व मागच्याला 40 तारा असत, तेव्हा मिस्त्रीने जुने हब तसेच ठेवून त्यांवर भारवाहू रिम ओवावी, नव्या तारांनी चाकाचा ‘आऊट’ काढावा, ब्रेकचे रबर अडीच मिलिमीटर वर सरकवावे, आणि पाहुणीला या मुलखाची रहिवासी करून टाकावे. ब्रेक पूर्वीसारखा धरत नसे, कारण त्या रिमची कड गोलसर. पण बाभळीच्या काट्यांच्या या प्रदेशात शर्यतीच्या पातळ धावेपेक्षा जाड टायर अधिक शहाणा, हे मिस्त्रीला कोणी शिकवावे लागले नाही. ‘ओव्हरहॉलिंग’ या इंग्रजी शब्दाचे ‘ओव्हरऑइलिंग’ करणाऱ्या या मंडळींवर सुशिक्षितांनी हसू नये. घासलेटात धुतलेले पाव इंची छर्रे, बदललेले कोन आणि ताजे ग्रीस पाहिले म्हणजे शब्दाचा अपभ्रंश क्षम्य ठरतो.

रस्त्यांचे राज्य पुढे मोटारींकडे गेले. एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 रोजी धावली ती पुणे–नगर मार्गावर, आणि फिरोदियांच्या कायनेटिकची लुना 1972 पासून याच नगरच्या कारखान्यातून बाहेर पडू लागली; गंमत अशी की सायकलीला निवृत्त करणाऱ्या त्या वाहनालाही पायडल होतेच.

आज पुण्याच्या कर्वेनगरात विक्रम पेंडसे यांच्या संग्रहालयातील जुन्या सायकली पाहून आलेल्यास आपल्या माळ्यावरचे पोलाद उतरवावेसे वाटते, आणि मग तो परदेशातून 630 ची रिम, अस्सल ब्रेक, मूळ रंगाची खूण मागवू लागतो. अडकलेली सीटपोस्ट तेल पाजून आठवडाभर मुरवत ठेवावी, कॉटर पिन हातोड्याने ठोकण्याआधी क्रँकखाली लाकडाचा ठोकळा द्यावा, आणि लगच्या कडेला गंज आत किती शिरला आहे ते रंग खरवडण्यापूर्वी पाहावे, इतपत सल्ला मीही देईन. परंतु भारवाहू रिम काढून टाकण्यास माझी संमती नाही. कारखान्याच्या दप्तरी ती परकी ठरेल. या जिल्ह्याच्या दप्तरी मात्र तीच रुजू झालेली नोंद आहे. नगरपालिकेचा कर भरल्याचा बिल्ला बसविण्यासाठी कोणी नळीला पट्टी आवळली असेल, तर तिच्याखाली उरलेला मूळ रंगाचा बोटभर पट्टाही तसाच राहू द्यावा. बाकीच्या नळ्यांना रंग देताना तेवढ्यावर कागद चिकटवला म्हणजे झाले.