हाकेच्या अंतरात

टीव्हीचा रिमोट घ्या, मोबाइलचा पुढचा कॅमेरा सुरू करा आणि रिमोटचं टोक त्याच्यासमोर धरून कोणतंही बटण दाबा. पडद्यावर एक जांभळट ठिपका लुकलुकताना दिसेल. (मागच्या कॅमेऱ्यात बहुधा दिसणार नाही, तिथे अवरक्त प्रकाश अडवणारी गाळणी असते.) नुसत्या डोळ्यांना मात्र काहीच कळत नाही, कारण या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ९४० नॅनोमीटर आहे आणि आपली नजर सातशेच्या आसपासच दमते. लघुपल्ल्याच्या बिनतारी जोडणीच्या विषयात नव्याने येणाऱ्याला मी पहिल्यांदा हेच करून बघायला सांगतो. पैसे लागत नाहीत, आणि विषयाचा निम्मा गाभा त्या ठिपक्यात आहे.

आपल्या रिमोटने शेजाऱ्यांचा टीव्ही बंद पडत नाही, याचं आपल्याला कधी नवल वाटत नाही. पण हेच काम रेडिओलहरींवर सोपवलं तर कोणता रिमोट कोणत्या टीव्हीचा हे आधी ठरवावं लागतं, दोघांची ओळख करून द्यावी लागते, मधल्या बोलण्याला कुलूप घालावं लागतं. प्रकाशाच्या बाबतीत ही सगळी राखण भिंत फुकटात करते.

घरातली हातात मावणारी उपकरणं एकमेकांशी कशी जोडावीत, असं विचारायला येणारे बहुतेक जण वेग विचारतात आणि पल्ला विचारतात. मी त्यांना उलटा प्रश्न करतो: तुमचा निरोप कुठवर पोचू नये? आणि तो कोणाच्या बॅटरीवर जाणार आहे? पुढची सगळी प्रकरणं या दोन प्रश्नांभोवती फिरतात. लघुपल्ल्याच्या जोडणीत अंतर कमी असणं ही उणीव मानायची नाही. ते जाणूनबुजून आखलेलं कुंपण असतं.

हा विषय समजून घ्यायला १९९८ ते २००३ ही वर्षं फार उपयोगी आहेत, कारण तेव्हा तीन मार्ग एकाच वेळी, एकाच हातातल्या यंत्रासाठी झगडत होते. आयआरडीए ही अवरक्त जोडणीची संघटना १९९३ सालची. १९९८ मध्ये आलेल्या पाम थ्री या खिशातल्या संगणकाच्या माथ्यावर एक लहानशी काळी खिडकी होती. दोघांनी आपापली यंत्रं समोरासमोर धरली की नाव-पत्ता एका यंत्रातून दुसऱ्यात जाई. अंतर फार तर एक मीटर, आणि प्रकाशाचा शंकू अरुंद, म्हणजे नेम धरावा लागे. त्याच १९९८ साली एरिक्सन, नोकिया, आयबीएम, इंटेल आणि तोशिबा यांनी मिळून ब्लूटूथचा गट स्थापन केला. दहाव्या शतकातल्या हॅराल्ड या डॅनिश राजाच्या टोपणनावावरून हे नाव ठेवलं आणि त्याची चिन्हाक्षरं बोधचिन्हात गुंफली, ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. ती खरी आहे, पण तिने विषय काही पुढे सरकत नाही. तिसरा मार्ग ८०२.११ चा, म्हणजे ज्याला आपण पुढे वाय-फाय म्हणू लागलो त्याचा. गंमत अशी की या मानकाच्या १९९७ सालच्या पहिल्या आवृत्तीत दोन रेडिओ पद्धतींच्या जोडीला एक अवरक्त पद्धतही होती. नियम लिहिणाऱ्यांनाच अजून ठरवता आलं नव्हतं!

एक हिशोब करून पाहू. पाच मेगाबाइटचं गाणं आहे. अवरक्ताचा तेव्हाचा नेहमीचा वेग सेकंदाला ११५.२ किलोबिट. त्यात प्रत्येक आठ बिटांमागे सुरुवात-शेवट सांगणारे दोन जास्तीचे, म्हणजे गाणं पोचायला सात मिनिटांहून थोडा अधिक वेळ. तेवढा वेळ दोन्ही यंत्रं टेबलावर तोंडाला तोंड लावून, कोणी धक्का न मारता. पहिल्या पिढीच्या ब्लूटूथने हेच काम एका मिनिटाच्या आत होई. ८०२.११ बी चा वेग कागदावर अकरा मेगाबिट, हातात येई त्याच्या निम्मा. तरी सात-आठ सेकंद पुरत. मग सगळ्यांनी वाय-फायच का घेतलं नाही? कारण वाय-फायचं कार्ड खोचलं की खिशातल्या यंत्राची बॅटरी बघता बघता उतरे. २००३ सालच्या नोकिया ६६०० मध्ये अवरक्त होतं, ब्लूटूथ होतं, वाय-फाय नव्हतं. ज्यांनी कॉलेजच्या कट्ट्यावर त्या फोनवरून गाणी दिली-घेतली, त्यांना निवडीची ही परीक्षा कोणी न शिकवता पाठ झाली होती.

बॅटरीचा मुद्दा नीट बघू. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की पोचणारी शक्ती चौथाईवर येते. म्हणजे दहापट लांब पोचायचं तर शंभरपट जोर हवा. ब्लूटूथमधल्या दहा मीटरच्या वर्गाला अडीच मिलिवॉट पुरतात आणि शंभर मीटरच्या वर्गाला शंभर मिलिवॉटची मुभा आहे, त्यामागे ढोबळमानाने हेच गणित. राउटर भिंतीतून वीज घेतो, त्याने मोठ्याने बोलावं. कानातल्या इवल्याशा इयरबडने कुजबुजावं.

या कुजबुजीची आणि त्या मोठ्या बोलण्याची जागा मात्र एकच आहे: २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा. अमेरिकेत १९८५ साली नियामकांनी तो परवान्याविना संदेशवहनासाठी मोकळा केला. तोवर हा पट्टा उद्योगांच्या आणि मायक्रोवेव्ह ओव्हनच्या वाट्याचा, ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झवरच चालतो, म्हणून भाजी गरम होताना कधी कधी गाणं अडखळतं. भारतात हा पट्टा जानेवारी २००५ मध्ये परवानामुक्त झाला. फुकटच्या मैदानात गर्दी होणारच, आणि त्या गर्दीतून वाट काढायला ब्लूटूथने उड्यांची युक्ती घेतली: मूळ ब्लूटूथ ७९ मार्गांवर सेकंदाला १,६०० वेळा जागा बदलतं. अशा उड्यांचं एक एकस्व हेडी लमार ही अभिनेत्री आणि जॉर्ज अँथेल हा संगीतकार यांना १९४२ साली मिळालं होतं. त्यात पियानोच्या पट्ट्यांइतक्या, ८८ वारंवारता धरल्या होत्या. यावरून ‘वाय-फायचा शोध नटीने लावला’ असं लिहिण्याची हौस आहे. तिला आवर घालावा, कारण आजचं वाय-फाय उड्या मारतच नाही.

आपल्याकडचा वारसा सांगायचा तर जगदीशचंद्र बोस यांचा सांगावा. त्यांनी १८९५ साली कोलकात्यात लोकांसमोर भिंतीपलीकडून घंटा वाजवली आणि दारू उडवून दाखवली, तीही तारेवाचून. त्यांच्या लहरी मिलिमीटरच्या मापाच्या होत्या.

भिंतीपलीकडे जाणाऱ्या लहरींना घर मात्र आपल्या परीने अडवतंच. लोखंडी कपाट, मोठा आरसा, पाण्याची टाकी यांच्या मागे राउटर ठेवू नये. ५ गिगाहर्ट्झचं वाय-फाय अधिक वेगवान, पण भिंतीत २.४ पेक्षा लवकर थकतं. आणि माणूस स्वतः बराचसा पाणीच आहे: फोन मागच्या खिशात डावीकडे, रेडिओ बसवलेला इयरबड उजव्या कानात, की मध्ये आपणच आडवे येतो. घरात भिंतींवरून उलटून आलेल्या लहरी तूट भरून काढतात. मोकळ्या मैदानात चालायला गेल्यावर आवाज तुटतो तो यामुळे.

गेल्या दशकभरात निवडीचा प्रश्नच बराचसा बदलला. एका फोनवरून दुसऱ्यावर फोटो पाठवताना आजची यंत्रणा ब्लूटूथने शेजारचा फोन शोधते आणि ओझं थेट वाय-फायवर टाकते. वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने बंदी घातलेल्या ५९ ॲपमध्ये शेअरइट आणि झेंडर होती. ती फोनलाच छोटा राउटर बनवून हे काम करत, आणि बंदीनंतर अनेकांना पहिल्यांदा कळलं की मधे इंटरनेट कधी नव्हतंच. तंत्राची निवड यंत्राने केली, तरी ‘सर्वांना दिसू दे’ की ‘फक्त ओळखीच्यांना’ हे बटण आपल्याच हाती उरतं. २००४ साली कॅबीर हा फोनचा किडा ब्लूटूथवरून पसरला तो दुसऱ्यांना दिसत असलेल्या फोनांमध्येच, आणि वापरणाऱ्याने ‘हो’ म्हटल्यावरच.

कुंपण सर्वांत जवळ घालायचं तर एनएफसी, म्हणजे टेकवून होणारी जोडणी. १३.५६ मेगाहर्ट्झ, अंतर चार सेंटिमीटर. वेगाच्या तक्त्यात ते तळाला आहे आणि पैसे देताना आपण त्यावरच विसंबतो.

पहिल्या प्रकरणाआधी एक काम करा. कागद घेऊन घरभर फिरा आणि बिनतारी बोलणारी वस्तू दिसेल तशी टिपा. पुढे ती कोणत्या पट्ट्यावर बोलते, कुठवर बोलते आणि वीज कुठून घेते हे लिहा. राउटर, फोन, घड्याळ, स्पीकर, मेट्रोचं कार्ड, रिमोट एवढी यादी पाच मिनिटांत होते. कारची किल्ली बहुतेक जण विसरतात.