पनवेल : स्थलांतर आणि लोकसंख्यावाढीचा वाद

रायगड जिल्ह्यातील पनवेल परिसरात स्थलांतरामुळे झालेल्या लोकसंख्यावाढीवरून सुरू असलेली सार्वजनिक चर्चा. पनवेलची नगरपालिका १८५२ सालची. १९७० मध्ये सिडकोची स्थापना होऊन नवी मुंबईसाठी भूसंपादन सुरू झाले आणि खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल या वसाहती उभ्या राहिल्या. मुंबईत घर न परवडणारी कुटुंबे, घाटावरचे नोकरदार, तळोज्याच्या कारखान्यांतील परप्रांतीय कामगार येथे स्थायिक झाले. पनवेल नगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे १ लाख ४ हजार होती, ती २०११ मध्ये १ लाख ८० हजारांवर गेली. १ ऑक्टोबर २०१६ रोजी महानगरपालिका झाली.

वादाचे मूळ जमीन आणि पाणी यांत आहे. सिडकोच्या भूसंपादनाच्या योग्य मोबदल्यासाठी आगरी, कोळी, कराडी भूमिपुत्रांचा १९८४ चा जासई लढा दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झाला. त्यात पाच जण हुतात्मा झाले. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली. गावठाणालगत वाढत्या कुटुंबांनी बांधलेली ‘गरजेपोटी’ घरे नियमित करण्याची मागणी त्यानंतरही होत राहिली. महानगरपालिकेचे देहरंग धरण उन्हाळ्यात आटते, तेव्हा शहरात पाणीटंचाई होते. स्थानिकांना नोकरीत प्राधान्य हवे असते. नवे रहिवासी मालमत्ता कर भरूनही सुविधा अपुऱ्या असल्याची तक्रार करतात.

देशात कोठेही राहण्याचा हक्क संविधानाच्या कलम १९ ने दिला आहे. त्यामुळे पनवेलचा खरा प्रश्न माणसांच्या येण्याचा नसून, घरांआधी पाण्याची तजवीज न करणाऱ्या नियोजनाचा आहे.