राष्ट्रपतींच्या सहीआधीचं हायकोर्ट

जालना रोडवर रिक्षावाल्याला आपण नुसतं 'हायकोर्ट' म्हणतो. ते राष्ट्रपतींच्या आदेशाआधीच सुरू झालं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

तेव्हा मराठवाड्यातल्या माणसाला हायकोर्टासाठी मुंबई गाठावी लागे. कायमचं खंडपीठ देण्याचा अधिकार राष्ट्रपतींचा, म्हणजे प्रत्यक्षात केंद्र सरकारचा. राज्याची शिफारस दिल्लीत पडून होती. पण १९५६च्या राज्य पुनर्रचना कायद्यातल्या कलम ५१ने आणखी एक वाट ठेवली होती: राज्यपालांच्या मान्यतेने मुख्य न्यायमूर्ती दुसऱ्या गावीही न्यायाधीश बसवू शकतात. मुख्य न्यायमूर्ती व्ही. एस. देशपांडे यांनी त्याच वाटेने २७ ऑगस्ट १९८१पासून औरंगाबादला कामकाज सुरू केलं.

हा राष्ट्रपतींचा अधिकार डावलणं आहे, असं म्हणत काही जण कोर्टात गेले. डिसेंबरात खुद्द मुंबई हायकोर्टानेच आपल्या मुख्य न्यायमूर्तींचा आदेश रद्द केला. १९८२मध्ये सुप्रीम कोर्टाने तो पुन्हा उभा केला: दोन्ही अधिकार स्वतंत्र आहेत, एक दुसऱ्यावर अडून नाही. राष्ट्रपतींचा आदेश आला १९८४मध्ये.

सगळा अधिकार एकाच टेबलावर असता, तर आपली फाईलही तिथेच पडून राहिली असती.