नोटेवर नंबरच नाही! जपानच्या ‘केळीछाप’ पैशाने सिंगापूर कसं लुटलं?

खिशातली कोणतीही नोट बघा, तिच्यावर नंबर असतो. किती नोटा छापल्या याचा हिशोब त्यामुळेच राहतो. दुसऱ्या महायुद्धात जपानने ताब्यात घेतलेल्या सिंगापूरमध्ये मात्र पुढेपुढे बिननंबरी नोटा सर्रास चालत होत्या.

१५ फेब्रुवारी १९४२ ला ब्रिटिशांनी शरणागती पत्करली. जपानने शहराचं नाव ‘श्योनान’ ठेवलं आणि घड्याळं टोकियोप्रमाणे दीड तास पुढे केली.

पहिला घाव बसला चिनी समाजावर. चीनवर जपानने केलेल्या आक्रमणाविरुद्ध इथल्या चिनी लोकांनी मायदेशी पैसे पाठवले होते, त्याचा हा सूड. १८ ते ५० वयाच्या पुरुषांना हजर व्हायला सांगितलं, संशयितांना ट्रकमधून नेऊन समुद्रकिनाऱ्यांवर गोळ्या घातल्या. याला ‘सूक चिंग’ म्हणतात. मृतांचा जपानी आकडा ५ हजारांच्या आसपास. चिनी समाज तो कित्येक पटींनी जास्त सांगतो.

एवढ्यावर भागलं नाही. मलाया आणि सिंगापूरच्या चिनी लोकांनी ५ कोटी डॉलरची ‘भेट’ द्यावी, असं फर्मान निघालं. रक्कम जमेना, तेव्हा उरलेले पैसे योकोहामा स्पेसी बँकेकडून ६ टक्के व्याजाने काढायला लावले. म्हणजे खंडणी जपानला आणि तिच्यावरचं व्याजही जपानी बँकेलाच!

बाकीच्यांना लुटायला छापखाना होता. जपानने स्वतःचे डॉलर आणले. १० च्या नोटेवर केळीचं झाड, म्हणून लोक त्याला ‘बनाना मनी’ म्हणायचे. मागे सोनं नाही, कसली हमी नाही. सैन्याला माल हवा, की छापा नोटा. पुढे नंबर टाकणंही सोडून दिलं, त्यामुळे नकली नोटा बनवणाऱ्यांचंही फावलं. तांदूळ रेशनवर, काळ्या बाजारात भाव आभाळाला. लोक परसात टॅपिओका, म्हणजे ज्यापासून आपला साबुदाणा होतो तो कंद, लावून त्यावर दिवस काढू लागले.

सप्टेंबर १९४५ मध्ये ब्रिटिश परतले आणि या नोटा रद्दी ठरल्या. ज्यांनी साडेतीन वर्षं याच पैशात पगार घेतला, दुकान विकलं, त्यांच्या हाती कागद उरला.

१९६२ मध्ये सामूहिक दफनाच्या जागा सापडल्या, भरपाईची मागणी पेटली. १९६६ मध्ये जपानने ५ कोटी डॉलर मान्य केले. खंडणीचा आकडाही तोच होता. त्यातलेही निम्मे कर्जाऊ.