नाइन इंच नेल्स : क्रमांकित ध्वनिमुद्रिका आणि स्वामित्वाचा प्रश्न

१. साधनांचे स्वरूप

आधुनिक ध्वनिमुद्रित संगीताचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास साधनांची टंचाई सहसा जाणवत नाही. जाणवते ती त्यांची बेसुमार विपुलता. कलावंतांच्या मुलाखती, चाहत्यांच्या आठवणी, व्यापारी जाहिराती आणि नियतकालिकांतील परीक्षणे यांचा एवढा ढीग साचलेला असतो की, त्यांतून विश्वसनीय काय आणि रचलेले काय हे निवडणे हेच मुख्य काम होऊन बसते. मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांस बखर आणि दप्तर यांतील फरक नव्याने सांगावयास नको. बखरीत रस असतो, दप्तरात पुरावा असतो. हाच विवेक या नव्या क्षेत्रातही उपयोगी पडतो. येथे दप्तराचे स्थान करारपत्रे, न्यायालयीन निर्णय, विक्रीचे आकडे आणि प्रत्यक्ष तबकड्यांवरील मजकूर यांना द्यावे लागते.

‘नाइन इंच नेल्स’ या अमेरिकन इंडस्ट्रियल रॉक वाद्यवृंदाच्या बाबतीत असे एक दप्तर स्वतः कलावंतानेच तयार करून ठेवले आहे. या वृंदाच्या अधिकृत प्रकाशनांवर ‘हेलो’, म्हणजे प्रभावळ, या शब्दापुढे अनुक्रमांक छापलेला असतो. १९८९ ची पहिली एकल ध्वनिमुद्रिका ‘डाउन इन इट’ हिचा क्रमांक १. त्याच वर्षीचा पहिला संग्रह ‘प्रिटी हेट मशीन’ याचा क्रमांक २. प्रकाशक बदलले, व्यवस्थापक बदलले, तबकडीची जागा संगणकाच्या जाळ्याने घेतली. हा क्रम मात्र खंडित झाला नाही. प्रकाशनसंस्थांचे स्वतःचे सूचीक्रमांक वेगळेच असतात व संस्थेबरोबर ते बदलतात. म्हणून ‘हेलो’ ही या वृंदाची एक प्रकारची शकावलीच होय. तिच्या आधारे या वृंदाच्या कार्याचा आढावा घेणे आणि ध्वनिमुद्रित कृती अखेर कोणाच्या मालकीची, या प्रश्नाचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. पूर्वपीठिका आणि पहिला संग्रह

‘इंडस्ट्रियल’ हे नाव रूढ होण्यास लंडनमधील ‘थ्रॉबिंग ग्रिसल’ हा गट कारणीभूत झाला. त्याने १९७६ मध्ये ‘इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स’ ही संस्था काढली. कारखान्यातील आघातांसारखे ध्वनी, फितीवर पकडलेले आवाज, कर्कशतेचा हेतुपुरस्सर वापर ही त्या परंपरेची लक्षणे होती. पुढे शिकागो येथील ‘वॅक्स ट्रॅक्स’ या संस्थेच्या आश्रयाने आणि ‘मिनिस्ट्री’ यांसारख्या वृंदांमुळे या ध्वनींची सांगड नृत्यसंगीताशी व रॉकच्या गिटारशी पडली. नाइन इंच नेल्सचा उगम या दुसऱ्या टप्प्यातला आहे.

वृंदाचा प्रवर्तक ट्रेंट रेझ्नर हा १९६५ मध्ये पेन्सिल्व्हेनियात जन्मला व मर्सर या लहान गावी वाढला. पियानोचे शिक्षण त्याने बालपणीच घेतले होते. ओहायो राज्यातील क्लीव्हलँड या पोलादाच्या शहरी ‘राइट ट्रॅक’ नामक ध्वनिमुद्रणगृहात तो साहाय्यकाची व पडेल ती कामे करी, आणि गृह रिकामे असेल तेव्हा मालकाच्या परवानगीने तेथील यंत्रे वापरून स्वतःच्या रचना मुद्रित करी. या तपशिलाला इतिहासदृष्ट्या महत्त्व आहे. सीक्वेन्सर, सँपलर आणि संगणक यांच्यामुळे पूर्वी पाचसहा वादकांनी करावयाचे काम एकट्या माणसाच्या आवाक्यात आले होते. परंतु ती यंत्रे त्या माणसाची नव्हती. श्रम स्वतःचे व साधने दुसऱ्याची, ही स्थिती या कारकीर्दीच्या आरंभापासूनच आहे.

या नमुना-मुद्रणांच्या आधारे न्यूयॉर्कच्या ‘टीव्हीटी’ या संस्थेशी करार झाला. दूरदर्शनवरील मालिकांच्या शीर्षकगीतांचे संग्रह काढून या संस्थेने आपला व्यवसाय सुरू केला होता. ‘प्रिटी हेट मशीन’ ऑक्टोबर १९८९ मध्ये बाजारात आला. फ्लड, एड्रियन शेरवूड, जॉन फ्रायर आणि कीथ लब्लांक अशा चौघा निर्मात्यांचा हात त्याला लागला असला, तरी मुखपत्रावर नाइन इंच नेल्स म्हणजे ट्रेंट रेझ्नर एवढीच व्याख्या दिलेली आहे. मुद्रण एकट्याचे आणि रंगमंचावरील वादक मात्र वेळोवेळी नेमलेले, ही रचना पुढे सत्तावीस वर्षे टिकली. २०१६ मध्ये ॲटिकस रॉस हा दुसरा अधिकृत सदस्य झाला. त्याच मुखपत्रावर प्रिन्स, पब्लिक एनिमी आणि जेन्स ॲडिक्शन यांच्या ध्वनिखंडांचा वापर केल्याची नोंद आहे. म्हणजे उसनवारी या संगीताच्या मुळाशीच असून ती लपविलेली नाही.

‘बिलबोर्ड’च्या संग्रहयादीत हा संग्रह ७५ व्या क्रमांकापुढे गेला नाही; तथापि सततच्या दौऱ्यांमुळे, विशेषतः १९९१ च्या ‘लोलापालूझा’ या फिरत्या महोत्सवामुळे, त्याची विक्री हळूहळू वाढत जाऊन दहा लाखांच्या ‘प्लॅटिनम’ मर्यादेपलीकडे गेली. एका लहान स्वतंत्र संस्थेच्या दृष्टीने हे यश असामान्य होते, आणि कलहाचे बीजही त्यातच होते.

३. ‘ब्रोकन’ ते ‘द फ्रॅजाइल’

संस्थेला पहिल्यासारखाच दुसरा संग्रह हवा होता. रेझ्नरला निराळे काही हवे होते. रेझ्नरच्या कथनानुसार पुढील मुद्रण संस्थेच्या नकळत, टोपणनावांनी, निरनिराळ्या मुद्रणगृहांत झाले. हे कथन एकपक्षीय आहे हे ध्यानात ठेवले पाहिजे. परंतु सप्टेंबर १९९२ मधील ‘ब्रोकन’ (हेलो ५) या लघुसंग्रहावर छापलेली संस्थांची नावे मात्र स्वतंत्र पुरावा होत. तेथे ‘नथिंग’, ‘टीव्हीटी’ आणि ‘इंटरस्कोप’ अशी तीन नावे एकत्र आढळतात. इंटरस्कोपने कराराचा मोठा भाग उचलला, टीव्हीटीने आपला हिस्सा राखला आणि रेझ्नर व त्याचा व्यवस्थापक जॉन माम यांनी ‘नथिंग’ ही आपली संस्था इंटरस्कोपच्या छायेखाली उभी केली. एका तबकडीच्या पाठीवरील ही तीन नावे म्हणजे एका तहाचे लेखच आहेत. पहिल्या संग्रहाची मालकी मात्र या तहात सुटली नाही.

‘द डाउनवर्ड स्पायरल’ (हेलो ८) हा मार्च १९९४ चा संग्रह या वृंदाची प्रमुख कृती मानला जातो. ‘बिलबोर्ड’च्या यादीत तो थेट दुसऱ्या क्रमांकावर आला. लॉस एंजेलिसच्या सिएलो ड्राइव्हवरील ज्या घरात १९६९ मध्ये मॅन्सन टोळीने हत्याकांड केले, तेथे हे मुद्रण झाले, आणि बखरकारांचे लक्ष साहजिकच त्या घराकडेच अधिक लागले. अभ्यासकाने पाहावयाचे ते अन्यत्र आहे. मुद्रित ध्वनी संगणकात घेऊन तो तोडणे, विकृत करणे व पुन्हा रचणे ही क्रियाच येथे रचनातंत्र बनली. ‘क्लोजर’ या गीतातील ढोलाचा ठेका इगी पॉपच्या १९७७ मधील ‘नाइटक्लबिंग’ या गीतातून घेऊन बदललेला आहे. एका माणसाचा क्रमाक्रमाने होणारा विनाश हे या संग्रहाचे कथासूत्र असून वाद्यांचा पोतही त्यानुसार ढासळत जातो. शेवटचे ‘हर्ट’ हे गीत जॉनी कॅश या वृद्ध गायकाने २००२ मध्ये गायिले. मार्क रोमानेकच्या दृश्यफितीसह ते पाहिल्यावर, हे गीत आता आपले राहिले नाही, अशा आशयाचे उद्गार रेझ्नरने काढले. कायद्याने गीत त्याचेच होते; मालकीचा एक निराळा अर्थ येथे व्यक्त होतो, एवढेच.

पाठभेदांचा अभ्यास करणाऱ्यास हा काळ विशेष फलदायी आहे. ‘फर्दर डाउन द स्पायरल’ (हेलो १०) या पुनर्रचनासंग्रहाच्या अमेरिकन व युरोपीय प्रतींत गीते वेगळी आहेत. सप्टेंबर १९९९ मधील ‘द फ्रॅजाइल’ (हेलो १४) या द्विखंडी संग्रहाच्या मोठ्या तबकडीवर कॉम्पॅक्ट डिस्कवर नसलेल्या रचना आढळतात. एकच क्रमांक, परंतु एकच संहिता नव्हे. ‘द फ्रॅजाइल’ने प्रथमच विक्रीयादीत पहिला क्रमांक मिळविला, पण पुढच्याच आठवड्यात त्याची मोठी घसरण झाली.

४. करारमुक्ती आणि वितरणाचे प्रयोग

२००५ हे वर्ष या इतिहासातील संधिकाल होय. त्या वर्षी ‘विथ टीथ’ (हेलो १९) प्रसिद्ध होऊन यादीत पहिला आला. त्याच वर्षी रेझ्नर व माम यांच्यातील वादात न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयातील ज्यूरीने रेझ्नरच्या बाजूने सुमारे २९.५ लाख डॉलरचा निर्णय दिला. ‘प्रिटी हेट मशीन’ तर टीव्हीटीने काढलेल्या कर्जाच्या तारणातून ऋणकोच्या हातून धनकोकडे व तेथून ‘रायकोडिस्क’ या संस्थेकडे पुनर्मुद्रणासाठी गेला. कर्त्याच्या संमतीवाचून त्याची पहिली कृती गहाण पडावी, ही गोष्ट नुसती व्यक्तिगत दुर्दैवाची नाही. ज्या कायद्यात मुद्रणाची मूळ प्रत ही कलावंताची नसून गुंतवणूकदाराची मालमत्ता ठरते, त्या कायद्याचे ते स्वाभाविक फल होते.

२००७ मध्ये ‘इयर झीरो’ (हेलो २४) निघाला. यादवी आणि दडपशाही यांनी ग्रस्त अशा भावी अमेरिकेचे चित्र रंगविणाऱ्या या संग्रहाची गीते मैफलींच्या जागी सोडलेल्या लहान स्मृतिसाधनांतून श्रोत्यांना सापडत गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरात इंटरस्कोपशी असलेला करार संपल्याचे जाहीर झाले. मुक्तीनंतरचा पहिला प्रयोग रेझ्नरने स्वतःवर न करता कवि-गायक सॉल विल्यम्सच्या संग्रहावर केला. तो फुकट घ्यावा किंवा पाच डॉलर द्यावे, अशी मुभा होती. दोन महिन्यांत १,५४,४४९ जणांनी तो उतरवून घेतला. त्यांपैकी २८,३२२ जणांनी, म्हणजे सुमारे १८ टक्क्यांनी, पैसे दिले. हे आकडे रेझ्नरने स्वतः प्रसिद्ध केले व त्याबद्दल निराशाही व्यक्त केली.

मार्च २००८ मधील ‘घोस्ट्स १–४’ (हेलो २६) या ३६ वाद्यरचनांच्या संग्रहात ही योजना सुधारली गेली. पहिल्या ९ रचना फुकट, सर्व रचना ५ डॉलरला, दोन तबकड्या १० डॉलरला, विशेष प्रत ७५ डॉलरला आणि स्वाक्षरीसह २,५०० प्रतींची आवृत्ती प्रत्येकी ३०० डॉलरला अशी चढती श्रेणी होती. पहिल्या आठवड्यात ७,८१,९१७ व्यवहार व सुमारे १६ लाख डॉलरचे उत्पन्न झाले. या आकड्यांचे पृथक्करण केल्यास एक महत्त्वाची गोष्ट निदर्शनास येते. ३०० डॉलरच्या सर्व प्रती तीनएक दिवसांतच संपल्या. त्यांचेच मूल्य ७,५०,००० डॉलर होते. म्हणजे जवळजवळ निम्मे उत्पन्न अडीच हजार प्रतींतून आले. जालावरील मुक्त वितरणाचा विजय म्हणून ज्याचा गौरव झाला, तो अर्थदृष्ट्या मुख्यत्वे दुर्मिळ वस्तूच्या विक्रीचा विजय होता. आणि ते निष्ठावंत संग्राहक कोठून आले? ज्या संस्थांच्या बंधनातून रेझ्नर सुटला होता, त्यांच्याच भांडवलावर दोन दशके चाललेल्या प्रसारातून. मे २००८ मध्ये ‘द स्लिप’ (हेलो २७) तर सर्वस्वी विनामूल्य दिला गेला.

हे दोन्ही संग्रह ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ परवान्याखाली होते : श्रेय द्यावे, व्यापारी वापर करू नये आणि पुनर्रचना त्याच अटींवर खुली ठेवावी. या परवान्याची खरी कसोटी दहा वर्षांनी लागली. ‘घोस्ट्स’मधील चौतिसाव्या रचनेचा तुकडा यंगकियो या तरुण डच निर्मात्याने आपल्या ठेक्यात वापरला आणि त्यावर लिल नास एक्सने ‘ओल्ड टाउन रोड’ हे गीत रचले. २०१९ मध्ये ते ‘बिलबोर्ड’च्या गीतयादीत १९ आठवडे अग्रस्थानी राहिले. अव्यापारी अटीमुळे अशा वापरास स्वतंत्र संमती आवश्यक होती. त्यानुसार रचनाकार व निर्माते म्हणून रेझ्नर व रॉस यांचीही नावे त्या गीतावर आली. मुक्त वाटलेल्या कृतीचेच श्रेय आणि मोल अशा रीतीने कर्त्यापर्यंत परत आले. गहाण पडलेल्या पहिल्या कृतीशी याची तुलना बोधप्रद आहे.

५. उपसंहार

पुढील इतिहास त्रोटकपणे सांगता येईल. ‘द सोशल नेटवर्क’ (२०१०) या चित्रपटाच्या संगीतासाठी रेझ्नर व रॉस यांस २०११ मध्ये ऑस्कर मिळाले. चित्रपटसंगीत ते स्वतःच्या नावे करीत आणि त्यास ‘हेलो’ क्रमांक देत नसत. यावरून व्यक्ती आणि वृंद यांतील भेद ते किती काटेकोरपणे पाळीत हे दिसते. म्हणूनच २०२५ मधील ‘ट्रॉन : एरीस’ या चित्रपटाचे संगीत नाइन इंच नेल्सच्या नावाने निघाले, ही गोष्ट लक्षणीय ठरते. २०१० मध्ये ‘बायसिकल म्युझिक’ या संस्थेकडे हक्क आल्यावर ‘प्रिटी हेट मशीन’ची नवसंस्कारित आवृत्ती कर्त्याच्या देखरेखीखाली निघाली. आणि २०१३ चा ‘हेझिटेशन मार्क्स’ (हेलो २८) हा ‘कोलंबिया’ या बड्या संस्थेमार्फत प्रसिद्ध झाला.

या शेवटच्या घटनेस काहींनी शरणागती म्हटले. उपलब्ध पुराव्यावरून तसे म्हणता येत नाही. २००७ पूर्वीचा करार हा गरजवंताने केलेला होता. २०१३ चा करार हा ज्याला दुसरा मार्ग उघडा होता अशा माणसाने, प्रसाराचे सामर्थ्य हवे म्हणून केलेला होता. तो मार्ग खरोखरच उघडा होता याचा पुरावा पुढे मिळतो : मार्च २०२० मध्ये महासाथीच्या आरंभी ‘घोस्ट्स’चे दोन नवे खंड कोणाचीही परवानगी न मागता विनामूल्य वाटण्यात आले.

तात्पर्य, या वृंदाच्या कारकीर्दीचे दोन धडे संभवतात. यंत्रांनी एकट्या कलावंतास संपूर्ण वाद्यवृंदाचे सामर्थ्य दिले, पण श्रोत्यापर्यंत पोहोचण्याचे साधन त्यास स्वतंत्रपणे मिळवावे लागले. आणि ते मिळाल्यावरही पूर्वीच्या व्यवस्थेने जमविलेल्या श्रोतृवर्गावरच ते उभे राहिले. दुसरा धडा संशोधनपद्धतीचा आहे. मुखपत्रावरील एका लहानशा क्रमांकाने, अनेक प्रकाशकांच्या हातांतून गेलेल्या कृतींस एकाच कर्त्याशी बांधून ठेवले. मालकीचा कागद दुसऱ्याच्या तिजोरीत असतानाही कर्तृत्वाचा हक्क तो क्रमांक मूकपणे सांगत राहिला.