महामार्ग आणि आमची पापडी

राष्ट्रीय महामार्ग पापडीतून जात नाही. तो आमच्या पूर्वेस, लोहमार्गापलीकडे, तुंगारेश्वराच्या डोंगराकडून जातो. तरीही आम्हा पापडीकरांच्या नित्याच्या व्यवहारास त्याने नवे वळण लावले आहे. ते कसे, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

वसईची पहिली वाट पाण्याची. पोर्तुगीजांनी किल्ला बांधला तो खाडीच्या मुखाशी, तो याच कारणाने. पुढे १८६४ साली मुंबई-अहमदाबाद लोहमार्ग सुरू झाला आणि वसईची केळी, विड्याची पाने, फुले व भाजी आगगाडीने मुंबईच्या बाजारात जाऊ लागली. होडीला भरती-ओहोटी सांभाळावी लागे. बागायतदाराला गाडीची वेळ.

मोटार आली आणि रस्त्यांचा विचार देशपातळीवर करणे भाग पडले. त्यात आपल्या प्रांताचा वाटा मोठा आहे. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ साली रस्तेविकास समिती नेमली गेली. तिच्या शिफारशीनुसार १९२९ मध्ये पेट्रोलवरील अधिभारातून मध्यवर्ती रस्तेनिधी उभा राहिला. डिसेंबर १९४३ मध्ये मुख्य अभियंत्यांची परिषद नागपूरला भरली. तिने राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्हा व गाव अशी रस्त्यांची उतरंड ठरविली. सुपीक मुलखातले कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून दूर नसावे, हे तिचे एक सूत्र होते. १९५६ साली राष्ट्रीय महामार्गांचा कायदा झाला. आपल्याकडचा क्रमांक ८ चा मार्ग २०१० च्या फेररचनेत ४८ झाला.

घोडबंदरजवळ खाडीवर रस्त्याचा पूल झाला आणि ठाणे-भिवंडीचा वळसा चुकला. मालमोटार भरतीची वाट पाहत नाही, की फलाटावर थांबत नाही. ती माल थेट दुकानाच्या दारी उतरविते. सातिवली-वालीवकडे कारखाने उभे राहिले. गावाचा पत्ता सांगताना ‘फाटा’ हा शब्द आमच्या तोंडी बसला. पूर्वी आमचा माल बाहेर जाई. आता बाहेरचा माल आमच्या बाजारात येतो, आणि वाडीतल्या भाजीला दूरच्या भाजीशी स्पर्धा करावी लागते.

सोय वाढली, तसे परावलंबनही वाढले. २०१३ साली खाडीपुलाला तडा आढळून अवजड वाहतूक अडली, तेव्हा त्याची प्रचीती आली. २०२३ साली नवा पूल खुला झाला, हे बरे झाले. डोंगरातून समुद्राकडे निघालेले पावसाचे पाणी मात्र रस्त्याच्या भरावाखालील मोऱ्यांतूनच जायचे. मोरी तुंबली की शेत बुडते.

नागपूरच्या योजनेत राष्ट्रीय मार्ग वरचा आणि गावरस्ता खालचा. पण खालची पायरी ढासळली तर वरची वापरणार कशी? महामार्गाची परीक्षा वेगाने होत असेल. गावरस्त्याची परीक्षा शाळेत निघालेले मूल आणि बाजारात निघालेली म्हातारी सुखरूप घरी परततात की नाही, यावर होते. महामार्ग दिल्लीने बांधला. ही दुसरी परीक्षा मात्र आम्हालाच द्यावयाची आहे, आणि तिचा निकाल दर पावसाळ्यात लागतो.